कोपऱ्यात पडलेली गिटार

दहावीचा निकाल लागतो, कबूल केल्याप्रमाणे चिरंजीवांना गिटार मिळते. तीही साधी नव्हे, इलेक्ट्रिक. सोबत छोटा अ‍ॅम्प्लिफायर, एक वायर, खांद्याला अडकवायचा पट्टा. पहिला महिना शेजारपाजारच्यांनाही कळते की घरात वाद्य आले आहे. मग गणपती येतात, सहामाही येते आणि दिवाळीच्या साफसफाईपर्यंत ती गिटार कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन उभी राहते. आई रोज केर काढताना ती उचलते आणि पुन्हा तिथेच ठेवते.

विचारले तर उत्तरे ठरलेली. आधी "बोटं फार दुखतात." मग "ती सुरातच राहत नाही." आणि शेवटी, जरा हळू आवाजात, "मला नाही जमणार ते." बाबांचे म्हणणे असते, "सांगितलं नव्हतं? दहा-बारा हजार पाण्यात गेले." यानंतर घरात दोनच मार्ग चर्चेला येतात. गिटार विकून टाकायची, नाहीतर मुलाचा हट्ट मानून चाळीस-पन्नास हजारांची नवी घ्यायची.

दोन्ही मार्ग घाईचे आहेत. कारण पुष्कळदा दोष मुलाच्या बोटांत नसतो, त्याच्या कानातही नसतो. गिटार नीट बसवलेली नसते, इतकेच. तारा पट्टीपासून इतक्या उंच असतात की त्या दाबायला मोठ्या माणसालाही जोर काढावा लागेल. तेरा-चौदा वर्षांचे पोर त्याच्याशी महिनाभर झगडते आणि आपल्यालाच गाता गळा, वाजवता हात नाही अशी समजूत करून घेते. ही समजूत एकदा बसली की ती गिटार विकल्यानेही जात नाही.

तंबोऱ्याची जवारी ज्यांनी एकदा काढून घेतली आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. मिरजेच्या कारागिराने घोडीवर कानस आणि दोरा फिरवण्यापूर्वीचा तंबोरा आणि नंतरचा तंबोरा ही दोन वेगळी वाद्ये वाटतात. भोपळा तोच, तारा त्याच. इलेक्ट्रिक गिटारीलाही अशीच एक जवारी लागते. फरक एवढाच की तिची जवारी बऱ्याच अंशी घरी, जेवणाच्या टेबलावर, एका रविवारी काढता येते.

स्वस्त गिटार स्वस्त का असते, हेही समजून घेतले पाहिजे. आज लाकूड कापण्याचे काम संगणकावर चालणारी यंत्रे करतात. त्यामुळे दहा हजारांच्या गिटारीची मान आणि धडही मापात बऱ्यापैकी अचूक असते. काटकसर होते ती धातूच्या भागांत, आतल्या वायरिंगमध्ये आणि सर्वांत जास्त माणसाच्या वेळात. महाग गिटारीवर कुशल कारागीर शेवटचे तास-दोन तास घालवतो. प्रत्येक तार, प्रत्येक पडदा तपासतो. स्वस्त गिटार खोक्यात भरून निघते. कुठेच तार खरखरू नये म्हणून कारखान्यात तारा उंचच ठेवून दिलेल्या असतात. म्हणजे दुकानात जो वेळ विकत घेतला नाही, तो घरी घालायचा आहे.

बाजारातल्या बहुतेक स्वस्त गिटारी फेंडर कंपनीने १९५४ मध्ये आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाच्या असतात. खुद्द फेंडरनेही १९८२ पासून स्क्वायर या नावाने परवडणाऱ्या किमतीच्या गिटारी काढल्या. या घाटाचा मोठा गुण म्हणजे तो सगळा स्क्रूंवर उभा आहे. मान चार स्क्रूंनी धडाला जोडलेली, वरची प्लॅस्टिकची पट्टी स्क्रूंनी बसवलेली, पिकअप त्या पट्टीला टांगलेले. कुठलाही भाग काढावा, बदलावा, पुन्हा लावावा. गंमत अशी की ही गिटार घडवणाऱ्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ते रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते आणि वाद्यही त्यांनी दुरुस्त करता येईल असेच बनवले.

आधी तारा, मग बाकीचे

खरेदीच्या दिवसापासून त्याच तारा चढवलेल्या असतील तर त्या काढा. मुंबई, गोवा, चेन्नईच्या खाऱ्या दमट हवेत तारा लवकर गंजतात. हातावर त्यांचा काळा डाग उमटत असेल तर त्या गेल्याच समजा. ताणलेली तार पकडीने कापू नये, ती उसळून डोळ्याला लागू शकते. खुंटी उलटी फिरवून आधी सैल करावी. नवा संच घेताना ९ नंबरचा मागावा. त्यातली सर्वांत बारीक तार इंचाच्या ९ हजारांश जाडीची असते आणि कोवळ्या बोटांना ती सोसते. साधारण पाचशे-सातशे रुपयांत चांगला संच मिळतो, आणि साऱ्या गिटारीत एवढ्या पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

तारा निघालेल्या आहेत तोवर पडदे, म्हणजे फ्रेट, स्वच्छ करून घ्यावेत. हाताने मानेची कड चाचपून पाहा. काही ठिकाणी पडद्यांची टोके टोचतात. नागपूर किंवा दिल्लीच्या कोरड्या हवेत हा अनुभव हमखास येतो, कारण लाकूड आकसते आणि धातू मात्र तेवढाच राहतो. लाकडावर कागदी चिकटपट्टी लावून बारीक कानशीने ती टोके तिरकी, अलगद घासावीत. नंतर अगदी मऊ स्टील वूलने पडदे चकचकीत करावेत. एक गोष्ट विसरू नये. पिकअपमध्ये लोहचुंबक असते. स्टील वूलचा भुगा त्यावर जाऊन चिकटला तर काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पिकअप चिकटपट्टीने पूर्ण झाकावेत.

पट्टी गडद रंगाची आणि वार्निश नसलेली असेल तर तिला गिटारीच्या दुकानात मिळणाऱ्या तेलाचे दोन-चार थेंब चोळून लगेच पुसून घ्यावेत. घरातले खोबरेल किंवा तिळाचे तेल वापरण्याचा मोह मात्र टाळावा. ते लाकडात मुरून खवट होते आणि वर धूळ धरते. ही गडद पट्टी कशाची आहे हे पाहणेही मनोरंजक आहे. पूर्वी ती बहुधा शिसवीची असे. शिसवीच्या जातीच्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ च्या आरंभी निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण तोवर अनेक कारखान्यांनी दुसरे लाकूड धरले होते. इंग्रजी पत्रकात त्याला इंडियन लॉरेल म्हणतात. हा लॉरेल म्हणजे आपला ऐन! सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा हा वृक्ष चांगला ठाऊक असतो. तोच आज परदेशी नावाच्या गिटारीवरून आपल्या घरी परत येतो.

नव्या तारा चढवताना प्रत्येक तारेचे खुंटीभोवती दोन-तीन वेढे पडावेत, एकावर एक न चढता खाली उतरत जावेत. चढवून झाल्यावर तार हाताने हलकेच ओढून पुन्हा सुरात आणावी, असे तीन-चार वेळा करावे. "नवी तार उतरतेच" म्हणून जी तक्रार असते, ती निम्मी इथेच संपते.

मान, घोडी आणि एक पट्टी

आता खरी जवारी. गिटारीच्या मानेत एक लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तारांचा ताण मानेला पुढे वाकवतो, सळई तिला मागे धरते. मान अगदी सरळ नको, किंचित अंतर्वक्र हवी, कारण कंप पावणाऱ्या तारेला मध्ये जागा लागते. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि मान जिथे धडाला मिळते तिथल्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरा. सातव्या-आठव्या पडद्यावर तार आणि पडदा यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर फट दिसली पाहिजे, म्हणजे साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी. फट फार मोठी असेल तर तारा थोड्या सैल करून सळईचा नट घड्याळाच्या दिशेने आवळायचा. फटच नसेल तर उलट दिशेने सैल करायचा. एका वेळी पाव वळसा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात आणून पाहायचे आणि मानेला स्थिरावायला वेळ द्यायचा. नट फिरत नसेल तर जोर लावू नये. इथे सळई तुटली की मान गेली, आणि मानेची किंमत गिटारीच्या निम्मी तरी असते. असा अडलेला नट सरळ दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा. यात कमीपणा नाही.

मानेनंतर घोडी. स्ट्रॅटच्या घाटात प्रत्येक तारेला वेगळी छोटी घोडी असते आणि तिच्या दोन बाजूंना अगदी लहान स्क्रू. ते एलन कीने फिरवून तार वर-खाली करता येते. शाळेच्या दप्तरातली प्लॅस्टिकची पट्टी इथे चालत नाही, कारण तिचा शून्य टोकापासून आत असतो. टोकापासूनच मिलिमीटर सुरू होणारी पोलादी पट्टी हवी. बाराव्या पडद्यावर मोजावे. जाड तारेखाली साधारण २ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दीड मिलिमीटर अंतर आले की झाले. कोपऱ्यात पडलेल्या गिटारी मोजल्या तर तिथे तीन, कधी साडेतीन मिलिमीटर निघतात. दीड मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. ज्याच्या बोटांवर घट्टे पडले आहेत त्याला विचारा.

याहून खाली आणण्याची हौस मात्र करू नये. तार खरखरू लागते. अ‍ॅम्प्लिफायर बंद असताना थोडी खरखर ऐकू आली, पण चालू केल्यावर नाही, तर ती खरखर नाही असेच धरून चालावे.

तार मानेच्या वरच्या टोकाला ज्या खाचेतून जाते त्या पांढऱ्या पट्टीला गिटारीत नट म्हणतात. स्वस्त गिटारीची बहुतेक रडगाणी इथून सुरू होतात. सुरात आणताना खुंटी फिरवली की "टिंग" असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो का? तार खाचेत अडकते आहे. उपाय एका पेन्सिलीचा. मऊ, काळीभोर ६बी पेन्सिल खाचेत घासावी. शिशाचा तो भुगा वंगणाचे काम करतो. खुंट्या खराब आहेत म्हणून बदलायला निघालेल्या कित्येकांचे काम या पेन्सिलीवर भागते.

खाचा उथळ असतील तर पहिल्या एक-दोन पडद्यांवर तार दाबणे जड जाते. तिसऱ्या पडद्यावर तार दाबून पहिल्या पडद्यावर पाहिले तर केसभर फट दिसावी. जास्त असेल तर खाच खोल करावी लागते आणि हे काम नाजूक आहे. एक घासा जास्त पडला की तार पडद्यावर टेकते. अशी चूक झालीच तर स्वयंपाकघर मदतीला येते. खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा भरून त्यावर फेव्हिक्विकचा थेंब सोडला की तो क्षणात दगडासारखा घट्ट होतो. मग पुन्हा बेताने कानस चालवायची. थेंब टाकताना धूर डोळ्यांत जाऊ देऊ नये, चेहरा लांब ठेवावा.

शेवटी सुरांचा हिशेब. मोकळी तार मोबाइलवरच्या ट्यूनरने सुरात आणावी आणि तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवावी. सूर तोच, एक सप्तक वर यायला हवा. चढा येत असेल तर घोडी मागे सरकवून तार लांब करावी, उतरा येत असेल तर पुढे आणावी. त्यासाठी घोडीच्या मागच्या बाजूला स्क्रू असतात. हे न केल्यामुळेच मुलगा म्हणतो, "खाली बरोबर वाजतं, वर गेलं की बेसूर होतं." आणि कानसेन मंडळी त्याच्याच कानाला नावे ठेवतात!

या गिटारींना सूर हेलकावण्यासाठी एक दांडी दिलेली असते. तिच्यामागे धडाच्या पोटात स्प्रिंगा असतात. शिकणाऱ्याला ही दांडी लागत नाही, आणि तिच्यामुळे गिटार सतत उतरते. पाठीमागचे झाकण काढून स्प्रिंगांचा आकडा धरणारे दोन स्क्रू आवळावेत, म्हणजे घोडीची पाटी धडाला पक्की टेकते. दांडी काढून खणात ठेवावी. स्थैर्य लगेच जाणवते.

काडेपेटीची काडी

पट्टा अडकवायची गुंडी ढिली झाली, स्क्रू नुसताच फिरतो, असे झाले तर भोकात फेव्हिकॉल लावलेली काडेपेटीची काडी ठोकावी, जास्तीची कापावी, सुकू द्यावे आणि स्क्रू पुन्हा पिळावा. हा उपाय गावठी वाटत असेल तर त्याला मोठी परंपरा आहे, हे सांगितले पाहिजे.

१९६३ मध्ये लंडनच्या परिसरात राहणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. फेंडर परवडण्यासारखी नव्हती. त्याचे वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार होते. बापलेकांनी घरीच गिटार करायचे ठरवले. मानेसाठी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड मिळाले. त्याला वाळवीसारख्या किड्याने भोके पाडली होती, ती त्यांनी काड्यापेटीतल्या काड्यांनी बुजवली. पट्टीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे आली. सूर हेलकावण्याच्या यंत्रणेला जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा लागल्या. जवळजवळ दोन वर्षे हे काम चालले. मुलाचे नाव ब्रायन मे. क्वीन या बँडमध्ये त्याने आयुष्यभर हीच गिटार वाजवली आणि २००२ मध्ये राणीच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहूनही तीच वाजवली. याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता, ही गोष्ट महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक असते. गिटारीची गोष्ट कमी ठाऊक असते.

तिचा पुढचा भाग पालकांनी ऐकण्यासारखा आहे. ज्या वडिलांनी हाताने गिटार करून दिली, त्यांनाच मुलाने खगोलशास्त्राची पीएच.डी. अर्धवट टाकून बँड धरल्याचे मुळीच रुचले नव्हते. ती पीएच.डी. ब्रायन मेने पूर्ण केली, पण २००७ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर.

अमेरिकेत एडी व्हॅन हॅलेननेही असाच उद्योग केला. कारखान्यात दोष निघालेले पन्नास डॉलरचे धड, ऐंशी डॉलरची मान, दुसऱ्याच गिटारीतला पिकअप, आणि वरून चिकटपट्टी लावून मारलेले रंगाचे पट्टे. १९७८ च्या पहिल्या अल्बमवर तीच जोडाजोडीची गिटार गाजली. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात घेऊन त्यांतल्या तिघींचे चांगले भाग एकत्र केले. ती 'ब्लॅकी' २००४ मध्ये लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली. तेव्हा जोडलेल्या गिटारीला नाक मुरडण्याचे कारण नाही.

आवाजाचा भाग

बहुतेक मुले सुधारणा करायची म्हटली की पिकअपपासून सुरुवात करतात. ते सर्वांत शेवटी करावे. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की त्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व, शाळेच्या पुस्तकातलेच. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा सिरॅमिक चुंबक असते, महागात अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रणाचे. आवाजात फरक पडतो, पण पिकअपचा चांगला संच गिटारीच्या निम्म्या किमतीला जाऊ शकतो.

त्याआधी फुकटचा प्रयोग करावा. शेवटच्या पडद्यावर तार दाबून तिच्यात आणि पिकअपमध्ये दोन ते अडीच मिलिमीटर अंतर राहील असे बाजूचे स्क्रू फिरवावेत. पिकअप फार जवळ असेल तर चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर थरथरतो. फार खाली असेल तर आवाज पुचाट होतो. "पिकअप बदलायलाच हवा" म्हणणाऱ्या अनेकांचे समाधान या स्क्रूपाशी होते.

बटण फिरवताना खर्र वाजत असेल तर त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून ते पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवावे. वायर खोचायची जागा, जॅक, सैल झाली असेल तर बाहेरून नुसता नट आवळू नये. आतला भागही फिरतो आणि जोडणी तुटते. झाकण काढून जॅक आतून धरावा, मग पाना चालवावा.

घुं घुं असा आवाज ही दुसरी तक्रार. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि साधा एकपदरी पिकअप तिचा हुंकार पकडतो. पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थच्या तारेला जोडली की ट्यूबलाइट, मोबाइल चार्जर यांची कुरबुर बरीच कमी होते. ट्रान्सफॉर्मरजवळचा हुंकार मात्र तिने थांबत नाही. त्यासाठी उलट-सुलट गुंडाळलेल्या दोन वेढ्यांचा हंबकर पिकअप लागतो. तो १९५० च्या दशकात गिब्सन कंपनीच्या सेठ लव्हर यांनी काढला. सगळे करण्यापूर्वी गिटार घेऊन नुसते दोन पावले बाजूला सरकून, टीव्हीकडे पाठ करून पाहावे. कधी कधी तेवढेच पुरते.

सुटे भाग मिळायला अडचण नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तापकीर गल्ली, दिल्लीचे लजपतराय मार्केट, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कोलकात्याचा चांदनी चौक, कुठेही सोल्डरिंग आयर्न, पॉट, कपॅसिटर मिळतात. एकपदरी पिकअपला २५० किलोओहमचा पॉट, हंबकरला ५०० चा. टोनच्या बटणावरचा महागडा कपॅसिटर घ्यावा म्हणून कोणी गळ घातली तर दुर्लक्ष करावे. बटण पूर्ण उघडे असताना त्याचा परिणाम नाममात्रच असतो. जुनी वायर सोडवण्यापूर्वी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर साबणाने हात धुऊन मगच पोह्यांच्या बशीला हात लावावा. आणि हे काम मुलीला येणार नाही असे कोणी समजू नये. बारीक सुईत दोरा ओवणारी बोटे सोल्डरचा थेंबही नेमका टाकतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गिटारीच्या आत धोक्याची वीज नसते. धोका अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणि भिंतीतल्या प्लगमध्ये असतो. तारांचा सांधा घोडीमार्फत अर्थला जोडलेला असतो. अ‍ॅम्प्लिफायर सदोष असेल किंवा प्लगला अर्थिंग नसेल, तर हात तारांवर आणि ओठ मायक्रोफोनला अशा अवस्थेत वाजवणाऱ्याच्या शरीरातून वीज जाऊ शकते. स्कॉटलंडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सी येथे रंगमंचावर असाच गेला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरी गिटार वाजवताना गेला. जुन्या चाळीत, वाड्यात, भाड्याच्या खोलीत तीन भोकांचा प्लग दिसतो, पण मागे तिसरी तार जोडलेलीच नसते. गिटारीवर एक रुपया खर्च करण्यापूर्वी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. गॅदरिंगला शाळेच्या हॉलमध्ये वाजवायचे असेल तर तिथलेही. आणि अ‍ॅम्प्लिफायर घरी उघडायचा नाही. विशेषतः व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्लग काढल्यानंतरही शेकडो व्होल्ट साठून राहतात.

रंगरूप

हा भाग मुलांना सर्वांत आवडता आणि वेळखाऊ. कारखान्याचा रंग चिवट असतो, तो खरवडण्यात दोन-तीन दिवस जातात. फवाऱ्याचा रंग बंद खोलीत मारू नये. गच्ची, तोंडाला योग्य मास्क आणि कोरडी हवा लागते, म्हणजे पावसाळ्यात हे काम काढूच नये. रंग वरून सुकला तरी आतून पक्का व्हायला कित्येक दिवस लागतात. घाई करणाऱ्याच्या गिटारीवर पट्ट्याचा ठसा कायमचा उमटतो. त्यापेक्षा वरची प्लॅस्टिकची पट्टी तेवढी काढून तिच्यावर ॲक्रिलिक रंगाने वारलीची चित्रे काढावीत. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा नाच त्या वळणदार पट्टीवर असा बसतो की जणू ती त्यासाठीच कापली असावी. बिघडलेच तर पट्टी नवी मिळते.

खर्चाचा अंदाज आधी करावा. तारा, पेन्सिल, तांब्याची चिकटपट्टी, पोलादी पट्टी, एलन की एवढ्यावर दीड-दोन हजारांत काम भागते आणि बहुतेक गिटारी तिथे वाजत्या होतात. पिकअप, खुंट्या, पॉट सगळे बदलायला निघाले तर खर्च गिटारीच्या किमतीपलीकडे जातो आणि विकताना त्यातला फारसा पैसा परत येत नाही. गिटार अजून गॅरंटीत असेल तर स्क्रू ड्रायव्हर उचलण्यापूर्वी तो कागदही वाचावा. मान पिळवटलेली असेल, एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली, तर घरच्या उपायांनी काही होत नाही. अशा गिटारीवर पैसा घालू नये.

काढलेला प्रत्येक भाग मात्र जपून ठेवावा. जुने पिकअप, जुन्या खुंट्या, ती हेलकावण्याची दांडी, सगळे रिकाम्या बिस्किटांच्या डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवावी. स्क्रू कोणत्या भोकातला, हेही त्यावर लिहावे. पुढेमागे गिटार विकायचीच झाली तर मूळ भाग पुन्हा बसवून द्यायचे, आणि नवे काढून पुढच्या गिटारीला लावायचे.